दवाखान्यातला जैववैद्यकीय कचरा: बेडपासून गाडीपर्यंत, क्रमाने

सकाळी साडेसातला मावशींनी पिवळ्या पिशवीचं तोंड बांधलं, पिशवी उजव्या हातात घेतली आणि जिना उतरायला लागल्या. तिसऱ्या पायरीवर थांबल्या. साडीवर, मांडीपाशी, हरभऱ्याच्या दाण्याएवढा लाल डाग उमटला होता. रात्रपाळीत कुणीतरी रक्ताच्या बोळ्यांबरोबर सुई तशीच टाकली होती आणि ती पिशवी फाडून बाहेर आली होती. कुठल्या पेशंटची सुई, हे कळायला काही मार्ग नव्हता. मावशींनी २८ दिवस एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या घेतल्या, मळमळ सोसली, आणि पुढचे सहा महिने प्रत्येक रक्ततपासणीच्या आदल्या रात्री त्यांना झोप लागली नाही. त्या मजल्याची इनचार्ज मीच होते.

आता मी नाशिकमधल्या लहान नर्सिंग होममधल्या स्टाफला हे काम शिकवते. रंगांचे तक्ते सगळीकडे लावलेले असतात, पाठही असतात. चूक होते ती क्रमात. कचरा आधी एकत्र पडतो आणि मग कुणीतरी तो 'नीट' करायला बसतं. बीएमडब्ल्यूमध्ये (बायोमेडिकल वेस्ट, म्हणजे जैववैद्यकीय कचऱ्यात) असं चालत नाही. वस्तू हातातून सुटते तेव्हाच ती योग्य डब्यात पडली पाहिजे. पिशवीत पडलेलं परत बाहेर काढायचं नाही. खालचे सगळे टप्पे याच एका गोष्टीभोवती लावलेले आहेत.

टप्पा १: पिशव्या आणण्याआधीची तयारी

कागदपत्रं आधी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र आणि सामायिक प्रक्रिया केंद्राशी (अनेक दवाखान्यांचा असा कचरा गाडीने नेऊन त्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राशी) करार या दोन गोष्टी हातात नसतील तर पुढचं सगळं अधांतरी आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ७५ किलोमीटरच्या आत असं केंद्र असेल तर दवाखान्याने स्वतःची भट्टी किंवा प्रक्रिया यंत्रणा उभारायची नसते. नाशिकला ती सोय आहे. त्यामुळे मागच्या अंगणात खड्डा करून जाळणं किंवा पुरणं हा पर्याय डोक्यातूनच काढून टाका.

माणसं ठरवा. ३० किंवा जास्त बेड असतील तर समिती लागते आणि तिने सहा महिन्यांतून निदान एकदा बसायचं असतं. त्याहून लहान ठिकाणी एक जबाबदार, शिकलेली व्यक्ती नेमावी लागते. लहान नर्सिंग होममध्ये 'सगळेच बघतात' असं सांगितलं जातं. म्हणजे कुणीच बघत नाही. एक नाव ठरवा आणि ते भिंतीवर लावा.

कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस हवी. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. नवीन मावशी सोमवारी कामावर आल्या तर पहिला डोस त्याच आठवड्यात द्या. 'टिकल्या तर देऊ' असं म्हणू नका. प्रशिक्षणही रुजू होताना आणि मग वर्षातून एकदा, सफाई कर्मचाऱ्यांसकट.

खरेदीत तीन गोष्टी बघा: पिशव्या क्लोरीनविरहित प्लॅस्टिकच्या, निदान ५० मायक्रॉनच्या आणि न पुसणारं जैवधोक्याचं चिन्ह असलेल्या. डबे पायाने उघडणारे. मावशींसाठी जाड रबरी हातमोजे, मास्क, एप्रन आणि गमबूट. तपासणीचे पातळ हातमोजे देऊन कचरा उचलायला लावणं म्हणजे काहीच न देण्यासारखं आहे.

> तपासून पाहा: पिशवी डब्यात नीट बसते का? मोठ्या डब्यात लहान पिशवी आत घसरते, मग ती वर ओढायला हात आत जातो.

टप्पा २: डबे कुठे ठेवायचे

वेगवेगळ्या दवाखान्यांत मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक इथली आहे. नीडल कटर नर्सिंग स्टेशनवर असतो आणि इंजेक्शन दिलं जातं बेड नंबर सातवर. मधल्या वीस पावलांत सिस्टरकडे दोनच वाटा उरतात: उघडी सुई हातात घेऊन चालायचं, नाहीतर टोपण परत लावायचं. टोपण परत लावतानाच सुया टोचतात. म्हणजे सिस्टर निष्काळजी नसते, डबा चुकीच्या जागी असतो.

म्हणून सुईचा पांढरा डबा आणि कटर ड्रेसिंग ट्रॉलीवर बांधा. ट्रॉली पेशंटपाशी जाते, डबाही जातो. लाल आणि पिवळी पिशवी हाताच्या अंतरावर. ऑपरेशन थिएटरमध्ये, लेबर रूममध्ये, ड्रेसिंग रूममध्ये आणि लॅबमध्ये चारही रंग. वॉर्डच्या दारापाशी, नातेवाइकांच्या बाजूला, फक्त ओला आणि सुका असे साध्या कचऱ्याचे डबे. नातेवाइकांच्या हाताशी लाल डबा असला की त्यात केळ्याची सालं पडतात, आणि मग तो सगळा कचरा बीएमडब्ल्यू होतो.

तक्त्याबद्दल एक सांगते. 'सॉइल्ड वेस्ट' असं छापलेला तक्ता मावशींच्या उपयोगाचा नाही. कळवण, सटाण्याकडून आलेल्या माझ्या मावशींना मी एक फळा करून दिला: चार रंगांचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात खऱ्या, न वापरलेल्या वस्तू डकवलेल्या. लालमध्ये हातमोजा, सलाइनचा सेट, सुई नसलेली सिरिंज. निळ्यात रिकामी, धुतलेली काचेची व्हायल. पिवळ्यात बोळा आणि मास्क. पांढऱ्याच्या चौकोनात सुईचं फक्त चित्र. दोन दिवसांत प्रश्न विचारणं थांबलं.

टप्पा ३: वस्तू हातातून सोडताना

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पुढच्या सगळ्या टप्प्यांचं नशीब इथेच ठरतं.

*पिवळी पिशवी.* रक्त, पू लागलेले बोळे, गॉज, बँडेज, प्लास्टर, बाळंतपणातली वार, शस्त्रक्रियेत काढलेले अवयव, वापरलेले मास्क आणि टोप्या, रक्ताळलेली चादर-गादी, बाळंतिणीचे पॅड. हे जाळायला जातं. आईच्या पोटाबाहेर जगू शकण्याच्या मुदतीआधीचा गर्भ असेल तर पिशवीसोबत गर्भपाताचं अधिकृत प्रमाणपत्र जोडावं लागतं. मुदत संपलेली औषधं वेगळ्या पिवळ्या पिशवीत, आणि कर्करोगाची औषधं तर त्याहूनही वेगळी, 'सायटोटॉक्सिक' लेबल लावून. त्यांना १२०० अंशांपेक्षा जास्त तापमान लागतं. कुठलंही औषध, विशेषतः अँटिबायोटिक, बेसिनमध्ये ओतू नका.

*लाल पिशवी.* दूषित प्लॅस्टिक आणि रबर: सलाइनचे सेट, प्लॅस्टिकच्या सलाइनच्या बाटल्या, कॅथेटर, युरिन बॅग, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे. हे जाळत नाहीत. ऑटोक्लेव्ह होतं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक होतं), तुकडे होतात आणि प्लॅस्टिक पुन्हा वापरात जातं.

हातमोजे पिवळ्यात टाकण्याची सवय फार खोल गेलेली आहे. 'रक्त लागलंय ना, मग पिवळं' असा हिशोब असतो. पण क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक भट्टीत गेलं की डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी रसायनं तयार होतात, आणि तो धूर आपल्याच हवेत सुटतो. उलट, रक्ताचा बोळा लाल पिशवीत गेला की पुनर्वापराला जाणारा पूर्ण घाणा खराब होतो. म्हणून स्टाफला मी रंग पाठ करायला लावत नाही, एक प्रश्न शिकवते: *ही वस्तू जाळायची आहे की प्लॅस्टिक म्हणून परत वापरायची आहे?* रक्त दोन्हीला लागलेलं असू शकतं.

*पांढरा डबा.* सुया, ब्लेड, सुई न निघणाऱ्या इन्सुलिन सिरिंज. डबा न भोसकणारा, न गळणारा आणि एकदा बंद केला की न उघडणारा हवा. रिकामा करून पुन्हा वापरायचा नाही.

*निळा डबा.* काचेच्या व्हायल, अँप्युल, फुटकी काच, शरीरातून काढलेले धातूचे रॉड आणि प्लेट. निळी खूण असलेला, न भोसकणारा डबाच लागतो. साधी निळी पिशवी लावणारे दवाखाने अजून दिसतात. अँप्युलची तुटलेली मान ती पिशवी पहिल्याच दिवशी कापते. प्लॅस्टिकच्या अँप्युल मात्र लालमध्ये.

आता हाताची कृती. सलाइनची कॅन्युला घातल्यापासून ती काढेपर्यंत नेमकं काय होतं, ते क्रमाने बघा:

१. कॅन्युला *घालताना* निघालेली सुई तिथल्या तिथे पांढऱ्या डब्यात. किडनी ट्रेमध्ये 'नंतर' म्हणून ठेवायची नाही. नंतर ती कागद आणि कापसाखाली जाते आणि ट्रे उलटा होतो तेव्हा सगळं एकत्र पडतं.
२. कॅन्युलाची मऊ नळी आणि सेट लालमध्ये. सेटचं बाटलीत खुपसायचं अणकुचीदार टोक मोकळं टाकू नका, ते पिशवी फाडतं. रिकाम्या बाटलीतच राहू द्या.
३. सेटची नळी कात्रीने कापा, म्हणजे तो कुणालाही पुन्हा वापरता येणार नाही.
४. जागेवर दाबलेला बोळा पिवळ्यात.
५. नव्या सेटचं वेष्टन, पुठ्ठा, कागद साध्या सुक्या कचऱ्यात.

शेवटचा मुद्दा हलका वाटतो, पण वेष्टनं पिवळ्यात भरली की वजन वाढतं, पिशव्या लवकर भरतात आणि मग त्या दाबून बसवल्या जातात. साधा कचरा आपल्या घंटागाडीत जातो. तिथे एकही बोळा, एकही सुई जाऊ देऊ नका. घंटागाडीवरचा माणूस तो कचरा घरचा समजून उचलतो.

इंजेक्शनच्या सिरिंजसाठी: औषध दिलं, टोपण न लावता नोझल कटरमध्ये घातलं, कापलं. सुई कटरच्या डब्यात, सिरिंज लालमध्ये. कटर बोथट झाला असेल तर सुई वाकते आणि अडकते. ती बोटाने काढायला जाऊ नका. चिमटा वापरा आणि कटर बदला.

> सावध: लाल पिशवीतलं प्लॅस्टिक भंगारवाल्याला विकलं जातं, विशेषतः सलाइनच्या बाटल्या. 'रिकामी बाटली, त्यात काय' असं वाटतं. तो गुन्हा आहे, आणि त्या बाटल्या परत कुठे भरल्या जातात हे आपल्याला कधीच कळत नाही.

टप्पा ४: हायपो कुठे वापरायचं, कुठे नाही

जुन्या पद्धतीत प्रत्येक सिरिंज आणि प्रत्येक हातमोजा हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या) बादलीत बुडवायचे. बऱ्याच ठिकाणी ती बादली अजूनही आहे. लाल पिशवीतलं सामान केंद्रात ऑटोक्लेव्ह होणारच असतं, त्याला इथे बुडवायची गरज नाही. बादलीत हात घालून सामान बाहेर काढताना सुया टोचतात, हे वेगळंच. जाळायला जाणाऱ्या बोळ्यांवर तर हायपो ओतूच नका.

आधी निर्जंतुक करायचं ते लॅबचं: रक्ताचे नमुने, कल्चर प्लेट, सूक्ष्मजीवशास्त्राचा कचरा, रक्ताच्या पिशव्या. हे दवाखान्यातच ऑटोक्लेव्ह किंवा रसायनाने निर्जंतुक करून मग केंद्राकडे द्यायचं. सक्शनच्या बाटलीतला द्रव आणि लॅबचं सांडपाणी निर्जंतुक केल्याशिवाय गटारात सोडायचं नाही. शेवटी ते सगळं गोदावरीकडेच जातं.

हायपोचं प्रमाण बाटलीवर वाचून ठरवा. १ टक्का द्रावण १ लिटर हवं असेल तर:

- ५ टक्क्यांची बाटली: २०० मिली हायपो, ८०० मिली पाणी
- ४ टक्क्यांची: २५० मिली हायपो, ७५० मिली पाणी
- १० टक्क्यांची: १०० मिली हायपो, ९०० मिली पाणी

'एक झाकण टाका' हे माप नव्हे. द्रावण रोज ताजं करा, झाकून आणि उन्हापासून लांब ठेवा, बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा. टॉयलेट क्लीनरच्या अ‍ॅसिडमध्ये हायपो कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

जमिनीवर रक्त सांडलं तर आधी जाड हातमोजे घाला, मग कागद किंवा जुनं कापड टाकून रक्त झाका, त्यावर हायपो ओता, २० मिनिटं थांबा, नंतर उचलून पिवळ्यात टाका आणि पुसा. काच फुटली असेल तर ती चिमट्याने उचला. पोछा फिरवून रक्त पसरवणं ही सगळ्यात पहिली चूक असते आणि ती घाईतच होते.

टप्पा ५: पिशवी बांधणं आणि खाली नेणं

पाऊण भरली की बांधा. वरपर्यंत भरलेल्या पिशवीला गाठ बसत नाही, मग मावशी ती हाताने दाबतात, आणि आतल्या सुया त्याच क्षणी बाहेर येतात. मी सगळ्या डब्यांवर आतून पाऊण उंचीला काळ्या मार्करने रेघ मारून ठेवते.

बांधल्यावर बारकोड, लेबल, तारीख, वॉर्ड. लेबल *वॉर्डमध्येच* लावा. खाली साठवणुकीच्या खोलीत जाऊन लावलं की कुठल्या वॉर्डने सुई पिवळ्यात टाकली, ते कधीच शोधता येत नाही.

नेताना झाकणाची चाकाची ट्रॉली हवी. पिशवी हातात लोंबकळत न्यायची नाही, पायाला किंवा छातीला टेकवायची नाही, खांद्यावर घ्यायची नाही, फरफटवायची नाही. लिफ्ट नसेल तर घट्ट झाकणाची बादली दोघांनी दोन बाजूंनी धरून न्या. वेळ ठरवा, भेटीच्या आणि जेवणाच्या वेळा सोडून. जेवणाची ट्रॉली आणि कचऱ्याची ट्रॉली एकाच वेळी लिफ्टमध्ये नसावीत.

> तपासून पाहा: बांधलेली पिशवी उचलण्याआधी तिच्याभोवती एकदा नजर फिरवा. काही टोकदार वर आलेलं दिसलं तर पिशवी उघडू नका, दाबू नका. ती आहे तशीच दुसऱ्या पिवळ्या पिशवीत ठेवा आणि वॉर्डच्या सिस्टरना लगेच बोलवा.

टप्पा ६: साठवण आणि गाडी

खोली बंद, कुलपाची, हवेशीर, छत असलेली. प्रत्येक रंगाची जागा वेगळी. कुत्री, मांजरं, उंदीर आत येता कामा नयेत. नाशिकचा जुलै-ऑगस्ट लक्षात ठेवून जमिनीपासून उंच चौथरा करा. गेल्या पावसाळ्यात मी एका ठिकाणी पार्किंगच्या कोपऱ्यातल्या पिशव्या पाण्यात तरंगताना पाहिल्या. बारकोडची शाई गेली होती आणि पाणी रस्त्यावर जात होतं.

बोळे, ड्रेसिंग आणि अवयव ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत. घड्याळ पिशवी बांधल्यापासून नव्हे, कचरा तयार झाल्यापासून धरा. पांढरा डबा मात्र पाऊण भरेपर्यंत राहू शकतो.

गाडी ठरल्या वेळी आली नाही तर तिची वाट बघत बसू नका. केंद्राला फोन करा, फोनची वेळ रजिस्टरमध्ये लिहा आणि मंडळाला लेखी कळवा. नियमाप्रमाणे हे कळवणं आपलं काम आहे. सलग सुट्ट्या आणि दिवाळीच्या आधी हे विचारून ठेवलेलं बरं.

गाडीवर पिशव्या चढवताना आपला माणूस तिथे हवा. प्रत्येक रंगाचं वजन त्याच्यासमोर व्हावं, बारकोड स्कॅन व्हावा आणि पावतीवर सही घ्यावी. न मोजता 'नेहमीचंच लिहा' असं सांगणाऱ्या दवाखान्यांचे आकडे महिनोन्महिने जसेच्या तसे असतात, आणि तपासणीत तेच पहिल्यांदा दिसतं.

टप्पा ७: सुई टोचलीच तर

हा टप्पा पाठ हवा, कारण तेव्हा वाचायला वेळ नसतो.

१. जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, चोखू नका, स्पिरिट किंवा हायपो लावू नका.
२. डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्याने किंवा सलाइनने भरपूर धुवा.
३. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना *लगेच* सांगा. पाळी संपेपर्यंत थांबायचं नाही.
४. पेशंट माहीत असेल तर संमतीने त्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासणी.
५. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू कराव्यात. ७२ तासांनंतर उपयोग नाही. जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्र (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं केंद्र) आहे, रिपोर्टची वाट न बघता तिथे पाठवा. कोर्स २८ दिवसांचा.
६. रजिस्टरमध्ये नोंद, मग रक्ततपासणी: त्या दिवशी, सहा आठवड्यांनी, तीन आणि सहा महिन्यांनी.

मावशी सांगत नाहीत. 'मलाच ओरडा बसेल' ही भीती त्यांना सुईपेक्षा मोठी वाटते. सुई टोचली म्हणून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी एक शब्दही बोलायचा नाही, हा आमच्याकडचा लेखी नियम आहे. चौकशी दुसऱ्या दिवशी, आणि ती पिशवी कुणी भरली याची.

टप्पा ८: नोंदी

रोजचं रजिस्टर रंगानुसार, महिन्याची बेरीज, सगळं पाच वर्षं जपून. वार्षिक अहवाल फॉर्म ४ मध्ये दरवर्षी ३० जूनच्या आत. आग, स्फोट यांसारखे मोठे अपघात फॉर्म १ मध्ये, २४ तासांत लेखी. अपघात झालाच नसेल तरी 'निरंक' लिहायचं असतं, रकाना कोरा सोडायचा नाही. रक्तदान शिबिर, लसीकरण शिबिर किंवा सिंहस्थातला तात्पुरता दवाखाना लावलात तरी हेच नियम लागू असतात. डबे, पिशव्या आणि गाडी कोण आणणार, हे शिबिराच्या परवानगीबरोबरच ठरवा.

दर महिन्याला एक गोष्ट मी स्वतः करते. फार्मसीतून किती सिरिंज आणि किती जोडी हातमोजे वॉर्डला गेले ते बघते आणि त्या महिन्याचं लाल पिशवीचं वजन शेजारी लिहिते. सिरिंज वाढल्या आणि लाल वजन घटलं, तर प्लॅस्टिक एकतर पिवळ्यात जातंय, नाहीतर भंगारात. मग मी ड्रेसिंग ट्रॉलीपाशी तासभर उभी राहते आणि फक्त हातांकडे बघते.